चिरणारा आणि लिहिणारा

(वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं उभं केलंय ते कवी म्हणून. पण आज कविता वाचणार नाही. विषय मागं फळ्यावर लिहिलाय : 'विद्यापीठात न्यायसहायक जीवशास्त्र शिकणे'. वाचून मागच्या रांगेतले दोघंतिघं हसले, ते मी बघितलं. हसा. मीपण हसलो असतो. मी दहावी पास, आमची आजी त्याला अजून मॅट्रिक म्हणते. विज्ञानात काठावर सुटलो. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत पोती मारतो, पाळी असेल तेव्हा पगार, नसेल तेव्हा कविता. मी कुठल्या तोंडानं विद्यापीठावर बोलणार?

ज्या तोंडानं फी भरतो त्याच तोंडानं. माझी धाकटी बहीण हे शिकते. बी.एस्सी.ची तीन वर्षं झाली, आता एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. तिची वही मी रात्री वाचतो. अर्धी कळते, अर्धी ती सांगते. तेवढ्या भांडवलावर बोलतोय. चुकलो तर ती समोर बसलीय, ती कान धरेल.

आधी बापाचं सांगतो.

आमचा बाप एका सरकारी इस्पितळाच्या शवागारात सफाई कामगार होता. कागदावर सफाई. प्रत्यक्षात मुडदा चिरायचं काम तोच करायचा. छातीपासून बेंबीखालपर्यंत चीर तो मारायचा. कवटी छिन्नी-हातोडीनं तो उघडायचा. काळीज, फुप्फुस, जठर काढून ट्रेमध्ये तो ठेवायचा. डॉक्टर दोन हात लांब उभा राहून लिहायचा. मग बाप दाभणानं आणि सुतळीनं मुडदा शिवायचा, धुवायचा, नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचा. हे एका इस्पितळाचं गुपित नाही. या देशातल्या कितीतरी शवागारांत चिरणारा आमच्या जातीचा, आणि सही करणारा दुसरा.

बाप प्यायल्याशिवाय कामावर जात नसे. घरी आला की आई त्याचे कपडे दाराबाहेर काढून घ्यायची. आमचीच माणसं त्याच्या हातचं पाणी घेताना घुटमळायची, मग बाहेरच्यांचं काय सांगू! पण डोळ्यानं बघून तो सांगायचा : हा बुडून नाही मेला, ह्याला आधी मारलंय. ही पेटली नाही, हिला पेटवलंय. पस्तीस वर्षांचं ज्ञान. ते ज्ञान एकाही अहवालात त्याच्या नावानं नाही. त्याच्या नावानं होती ती फक्त हजेरी.

आता हे ऐका. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त नावाच्या वैद्य जातीच्या पंडितानं मुडदा चिरला. उच्चवर्णीय हिंदूनं प्रेताला सुरी लावली म्हणून फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी झाली, असं सांगतात. माणूस धाडसाचा होता, त्याला माझा नकार नाही. पण आमच्या बापजाद्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली, मयताची वार्ता दहा कोसांवर पोचवली, बेवारस प्रेताशेजारी रात्र रात्र राखण केली. त्यांच्यासाठी तोफ सोडा, कुणी फटाकडी नाही वाजवली. त्यांनी प्रेताला हात लावला तो विटाळ. यांनी लावला ते विज्ञान.

बाप मेल्यावर वारसाहक्कानं त्याची नोकरी मला मिळत होती. मी नाकारली. आई चार महिने माझ्याशी बोलली नाही. कायम नोकरी, पेन्शन, क्वार्टर! मी म्हटलं, दाभणच धरायचं तर पोत्याला धरीन. आणि गोदीत आलो. फाटकं पोतं शिवताना हातात तेच दाभण, तीच सुतळी. पण पोतं डोळे उघडे ठेवून बघत नाही.

म्हणून बहीण जेव्हा म्हणाली की मला फॉरेन्सिक बायॉलॉजी करायचंय, तेव्हा माझं डोकं फिरलं. च्यायला, बापानं जन्म जाळून आपल्याला ज्या खोलीतून बाहेर काढलं, त्याच खोलीत परत? ती म्हणाली, "दादा, आप्पा मागच्या दारानं जायचे. मी पुढच्या दारानं जाईन. आणि लिहीन मी." आठ दिवस आमचं वाजलं. नवव्या दिवशी मी मुकादमाकडून उचल घेतली.

आता ती काय शिकते ते सांगतो, कारण आपल्या पोरांना वाटतं फॉरेन्सिक म्हणजे टीव्हीवरचा दरवाजा तोडणारा इन्स्पेक्टर.

रक्त, वीर्य, लाळ, केस, हाड, दात. पाण्यातलं शेवाळ, फुलातले पराग, प्रेतावरच्या माश्या आणि अळ्या. जिवंत गोष्टीचा जो अंश गुन्ह्याच्या जागी राहतो, तो वाचायचा, त्याचं नाव न्यायसहायक जीवशास्त्र. फ्रान्समधल्या लिऑनला १९१० साली प्रयोगशाळा काढणारा एडमंड लोकार्ड याचं म्हणणं असं की, दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला म्हटलं, हे तर मनूलाही ठाऊक होतं, म्हणून तर शिवू देत नव्हता. ती हसली नाही. म्हणाली, "मनू काय राहतं ते न बघता सांगत होता. आम्ही बघून सांगतो."

पहिला धडा रक्ताचा. लाल डाग दिसला म्हणून रक्त नसतं. गंज असेल, पानाची पिंक असेल. फिनॉल्फ्थॅलिनचं तयार औषध टाकायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. लगेच गुलाबी झालं तर रक्त *असू शकतं*. असू शकतं, बरं का! कारण काही भाज्यांच्या रसानंही रंग येतो. म्हणून दुसरी चाचणी, ताकायामाची. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी पिसासारखे स्फटिक दिसले तर रक्त नक्की. मग माणसाचं की जनावराचं? ते ओळखायची रीत उलेनहुथ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९०१ साली काढली. मग गट कुठला? ए, बी, ओ हे गट व्हिएन्नात लँडस्टायनरनं त्याच सुमारास शोधले. मग शेवटी डीएनए, माणूस कोण ते.

या चारही पायऱ्या उतरा. एकीवरही जात सापडत नाही. ब्राह्मणाचं रक्त त्याच गुलाबी रंगाला जातं. हे भाषणात मी शंभर वेळा ऐकलं होतं. बहिणीच्या वहीत पहिल्यांदा ते पुरावा म्हणून वाचलं.

डीएनएचा ठसा इंग्लंडात लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज यानं १९८४ साली काढला. त्याच भागात १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून खून झाले होते. पोलिसांनी सतरा वर्षांचा एक पोरगा धरला, त्यानं दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. जेफ्रीजनं तपासलं : दोन्ही ठिकाणचं वीर्य एकाच माणसाचं, आणि तो माणूस हा पोरगा नाही. पोरगा सुटला. खरा खुनी कॉलिन पिचफोर्क नंतर धरला गेला, १९८८ साली त्याला जन्मठेप झाली. लक्षात ठेवा, खुनाच्या तपासात या विद्येनं पहिलं काम केलं ते निरपराध माणसाला सोडवायचं. कबुलीजबाब कसा मिळतो हे या वस्तीत कुणाला सांगायला नको. ज्यांच्या बरगड्यांनी तो दिलाय ते इथं बसलेत. आपल्या देशात ही विद्या हैदराबादेत लालजी सिंग यांनी उभी केली, १९८८ च्या सुमारास.

पण दोस्तांनो, मी विज्ञानाची आरती गायला उभा नाही. हत्यार कुणाच्या हातात जन्मलं तेही बघा.

बोटांच्या ठशाचं शास्त्र आपल्या अंगावर शिकलं गेलं. १८५८ साली बंगालात जंगीपूरला हर्शेल नावाच्या साहेबानं राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या पंजाला शाई लावून करारावर ठसा घेतला, कारण नेटिव्हच्या शब्दावर भरवसा नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पारधी, कैकाडी, आईच्या पोटातच गुन्हेगार. १८९७ साली कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं. लाखो ठशांतून एक शोधायचं गणित बसवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. पद्धतीला नाव कुणाचं? हेन्री साहेबाचं. शवागारासारखंच झालं की हे! आणि तो रिस्ले, १९०१ च्या खानेसुमारीचा कमिशनर, नाकाची रुंदी मोजून जातीची शिडी लावायला निघाला होता.

बाबासाहेबांनी काय केलं? मोजपट्टी फेकून दिली नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तीच नाकांची मापं घेतली आणि त्याच आकड्यांनी दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. आकडे त्यांचे, निकाल आपला. शिकणं म्हणजे हे.

आणि हा धोका जुना नाही. २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्यानं पोलिसांना ठसे, डोळ्याची बुबुळं, जैविक नमुने घ्यायचा अधिकार दिला, नोंद पंच्याहत्तर वर्षं राहणार. त्याच वर्षी डिसेंबरात तामिळनाडूत वेंगैवयल गावी दलितांच्या पिण्याच्या टाकीत विष्ठा सापडली. डीएनएसाठी रक्त कुणाचं मागितलं? ज्यांनी ते पाणी प्यायलं त्यांचंही. जानेवारी २०२५ मध्ये आरोपपत्र आलं ते तीन दलित तरुणांवर. गावातल्या आपल्या लोकांनी ते मानलं नाही. २०१५ साली दादरीत जमावानं माणूस ठेचून मारला आणि तपासायला गेलं घरातलं मांस. प्रयोगशाळा खोटं बोलत नसेलही. पण तिच्यापुढं काय ठेवायचं ते बाहेरचा ठरवतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडं या.

मार्च १९७२. देसाईगंजची पोलीस चौकी. मथुरा नावाची आदिवासी पोर. डॉक्टरनं तपासलं ते जवळजवळ वीस तासांनी. अंगावर जखम नाही, संभोगाची सवय असलेली, असं लिहिलं. तिच्या कपड्यांवर आणि शिपायाच्या पायजम्यावर वीर्याचे डाग सापडले होते. सापडले होते! पण कोर्टानं त्यांचा अर्थ लावून टाकला, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली शिपायांना सोडलं. त्या काळी डाग कुणाचा हे डीएनएनं सांगता येत नव्हतं, कबूल. पण 'सवय असलेली' हे कुठल्या सूक्ष्मदर्शकात दिसलं? ते डॉक्टरच्या डोक्यात होतं, कागदावर उतरलं. कायदा बदलायला १९८३ उजाडलं. ती दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली चूक ठरवली, २०२२ साली पुन्हा बजावावं लागलं.

सप्टेंबर २००६. खैरलांजी. प्रेतं कालव्यातून काढली. पहिल्या शवविच्छेदनात जे तपासायचं ते तपासलं नाही. प्रेतं पुरली, ओरड झाल्यावर उकरून दुसरं शवविच्छेदन केलं. तोवर मातीनं आणि पाण्यानं आपलं काम केलं होतं. बलात्कार सिद्ध झाला नाही, अॅट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही. आपण रस्त्यावर उतरलो, लाठ्या खाल्ल्या, बरोबर केलं. पण त्या पहिल्या टेबलाशी जे लिहायचं ते लिहिलं गेलं नाही.

आता गोदीतलं. हे सांगताना जीभ जड होते, कारण त्याची बायको समोर बसलीय. वहिनी, तुम्हाला विचारूनच सांगतोय.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या टोळीतला गडी रात्रपाळीला नाहीसा झाला. तिसऱ्या दिवशी गोदीच्या पाण्यात सापडला, फुगलेला. ठेकेदार म्हणाला, पिऊन पडला. रिपोर्टात रक्तात दारू निघाली. ठेकेदारानं वहिनींच्या हातात थोडी रोकड ठेवली आणि कागदावर अंगठा घेतला. बघा, १८५८ चा तो पंजा अजून शाईत बुडतोच आहे.

मी सगळे कागद बहिणीपुढं टाकले. ती रात्रभर वाचत बसली. सकाळी म्हणाली, प्रेत कुजायला लागलं की जंतू शरीरातच दारू तयार करतात. म्हणून रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालतात, नमुना थंडीत ठेवतात, डोळ्यातलं पाणीसुद्धा ताडून बघायला घेतात. ह्या कागदांत यातलं काहीच नोंदलेलं नाही.

मग म्हणाली, जिवंत माणूस बुडाला की पाण्यातलं डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ फुप्फुसातून रक्तात जातं, चालू काळीज ते हाडाच्या मगजापर्यंत ढकलतं. त्याचं कवच वाळूच्या जातीचं असतं. मगज आम्लात विरघळवला तरी ते उरतं. त्याच जागच्या पाण्याशी ते जुळवून बघायचं. आधी विंचचा फटका बसून मेलेला माणूस पाण्यात पडला असेल तर काळीज बंद, मगजात ते सहसा जात नाही. मांडीचं हाड ठेवलं असतं, गोदीचं बाटलीभर पाणी घेतलं असतं, तर काही बोलता आलं असतं. आम्ही तर त्याला त्याच संध्याकाळी जाळला.

मी म्हटलं, मग लिही ना, तो प्यायला नव्हता, फटका बसून मेला. ती म्हणाली, "नाही लिहिणार." मी ओरडलो. कुणाच्या बाजूची तू? त्याच्या खांद्यावर बसून गणपती बघितलेस! ती रडली, पण म्हणाली, "दादा, तो प्यायला होता की नव्हता हे ह्या कागदावरून सांगता येत नाही. एवढंच खरं. मी जास्तीचं लिहिलं तर त्या डॉक्टरात नि माझ्यात काय फरक?"

मित्रांनो, मी कवी आहे. रागावर माझी कविता उभी आहे. त्या दिवशी कळलं की 'सांगता येत नाही' हे वाक्यसुद्धा हत्यार असतं. कारण ठेकेदाराचं सगळं घर 'पिऊन पडला' ह्या दोन शब्दांवर उभं होतं. वर कायदा बघितला तर काय? तो मेला तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात दारूची सबब मृत्यूला लागूच नव्हती. आणि मेलेल्याची भरपाई परस्पर घरच्यांच्या हातात देऊन मिटवताही येत नव्हती, ती आयुक्ताकडं जमा करायची होती. म्हणजे विज्ञानानंही खोटं, कायद्यानंही खोटं, आणि आम्ही आठशे किलोची स्लिंग ओढणारे गडी त्या कागदापुढं माना खाली घालून उभे. दोन वर्षांची मुदत संपायच्या आत अर्ज घातलाय. निकाल काय लागेल माहीत नाही. तारखा चालू आहेत. वहिनी दर तारखेला येतात.

म्हणून सांगतो, आपल्यातली पोरं ह्या शिक्षणात गेली पाहिजेत. बारावी सायन्स करा. बी.एस्सी. फॉरेन्सिकची करा, नाहीतर जीवशास्त्राची करून एम.एस्सी.ला इकडं वळा. मुंबईत सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था २००९ साली निघाली, नागपूरला आणि संभाजीनगरलाही आहे. कलिन्याला राज्याची मुख्य प्रयोगशाळा, पुणे, नाशिक, अमरावतीला विभागीय. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल कोर्ट त्याला न बोलावताही पुरावा म्हणून वाचू शकतं, इतकं त्या सहीचं वजन. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर जायचं असं लिहिलंय, राज्यांना तयारीला पाच वर्षं दिलीत. म्हणजे माणसं लागणार. ती कोण असणार?

सोपं नाही. स्कॉलरशिप सत्र संपल्यावर येते. प्रॅक्टिकलच्या टेबलाशी "तुला बरं आहे, तुला सवय असेल" असं एकानं बहिणीला म्हटलं, बापाचं काम कळल्यावर. तिनं उलट उत्तर दिलं नाही. त्या दिवशी तिच्या स्लाइडवरचे स्फटिक वर्गात सगळ्यात स्वच्छ आले, ते मास्तरनं सगळ्यांना बोलावून दाखवले. घरी येऊन मात्र ती जेवली नाही.

सगळ्यांनीच एम.एस्सी. करा असं म्हणत नाही. मी कुठं केली? पण एवढं प्रत्येकानं शिका. कुठं अत्याचार झाला, तर धावत जाणारे आपणच असतो. अंगावरचे कपडे धुवू देऊ नका. आंघोळ घालू नका, वैद्यकीय तपासणीला लगेच न्या, तासागणिक पुरावा जातो. रक्ताचा ओला कपडा पोलीस प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायला लागला तर अडवा. प्लास्टिकमध्ये तो सडतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात, प्रत्येक कपडा वेगळा, सील करून, पंचनाम्यात नोंद करून. तुम्ही स्वतः हात लावू नका, लावायला लावा, आणि वेळ लिहून ठेवा. प्रेत जाळायची घाई करू नका. शंका असेल तर दुसरं शवविच्छेदन मागा, लेखी मागा.

पुढच्या रविवारी बहीण इथंच हे करून दाखवणार आहे, बकऱ्याच्या रक्ताच्या फडक्यावर. येताना प्रत्येकानं दोन खाकी पाकिटं आणि एक पेन आणा. आणि शवागारात, स्मशानात, गटारात ज्यांचे आईबाप कामाला आहेत, त्या दहावी-बारावीच्या पोरांना हाताला धरून आणा. त्यांना आधी पुढं बसवा.

मला उद्या पहिली पाळी आहे. जय भीम.